कोविड-१९ साथीतील फुप्फुसीय रक्तगुठळ्यांचे व्यवस्थापन

कोविड-१९ या विषाणुजन्य आजारात फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचे प्रमाण इतर विषाणुजन्य न्यूमोनियांच्या तुलनेत अधिक आढळले. या गुठळ्या टाळणे, वेळेत ओळखणे आणि त्यांवर उपचार करणे हा २०२० ते २०२२ या काळात रुग्णालयांपुढील मोठ्या वादाचा विषय होता. हेपॅरिन हे मुख्य औषध शंभर वर्षांपूर्वीचे आणि डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचे होते. ते कोणत्या रुग्णाला, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि किती मात्रेत द्यावे याबद्दल मात्र एकमत नव्हते. पुढे मोठ्या चाचण्यांतून मिळालेले उत्तर अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध गेले. वाढीव मात्रेचा लाभ झाला तो मध्यम आजारी रुग्णांना. अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रुग्णांना तो झाला नाही.

गुठळी होण्याची कारणे

फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकून रक्तप्रवाह खुंटणे याला वैद्यकात पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. मराठी परिभाषेत त्यासाठी फुप्फुसीय अंतर्कीलन असा शब्द आहे. नेहमीच्या परिस्थितीत ही गुठळी बहुधा पायातील खोल शिरांमध्ये तयार होते, तेथून सुटून हृदयाच्या उजव्या बाजूमार्गे फुप्फुसात पोहोचते आणि धमनीचा मार्ग अडवते. गुठळी मोठी असल्यास हृदयाच्या उजव्या कप्प्यावर एकाएकी ताण येतो, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण काही मिनिटांत दगावू शकतो.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्ये या प्रक्रियेचे विवेचन केले. रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही तीन कारणे आज फिर्खोची त्रयी म्हणून ओळखली जातात. (त्रयी हे नाव त्यांनी स्वतः दिलेले नाही, ते पुष्कळ नंतर रूढ झाले.) गंभीर कोविडमध्ये ही तिन्ही कारणे एकाच वेळी उपस्थित असत. रुग्ण दिवसेंदिवस अंथरुणावर, अनेकदा कृत्रिम श्वसनयंत्रावर असे. विषाणू आणि त्याला शरीराने दिलेला तीव्र दाहक प्रतिसाद यांमुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावले जाई. आणि त्याच दाहामुळे फायब्रिनोजेनसारखे गोठण प्रक्रियेतील घटक रक्तात वाढत.

मात्र कोविडमध्ये सर्वच गुठळ्या पायांतून आलेल्या नव्हत्या. अनेक रुग्णांच्या पायांच्या शिरा तपासणीत मोकळ्या आढळल्या, तरी फुप्फुसात गुठळ्या होत्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोविडने मृत्यू पावलेल्या सात जणांच्या फुप्फुसांची तुलना इन्फ्लुएन्झाने मृत्यू पावलेल्या सात जणांच्या फुप्फुसांशी करण्यात आली. वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांतील सूक्ष्म गुठळ्या कोविडमध्ये नऊपट होत्या. फुप्फुसातच, दाहाच्या जागी रक्त गोठते, असा निष्कर्ष यातून पुढे आला. दुरून वाहत आलेल्या एका मोठ्या गुठळीवर जो उपचार लागू पडतो, तोच जागच्या जागी झालेल्या असंख्य सूक्ष्म गुठळ्यांवर लागू पडेल असे गृहीत धरता येत नव्हते. मात्रेविषयीच्या पुढील सर्व वादाच्या मुळाशी हा भेद होता.

पहिल्या लाटेतील निरीक्षणे

वुहानमधील डॉक्टरांनी २०२० च्या प्रारंभीच रक्त गोठण्यातील बिघाडाकडे लक्ष वेधले होते. तेथील १८३ रुग्णांच्या एका अभ्यासात मृत्यू पावलेल्यांपैकी ७१.४ टक्के जणांमध्ये रक्तवाहिन्यांत सर्वदूर रक्त गोठण्याच्या विकाराचे निकष पूर्ण झाले होते. बचावलेल्यांमध्ये हे प्रमाण ०.६ टक्के होते. एप्रिलमध्ये नेदरलँड्समधील तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतील १८४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३१ टक्के रुग्णांना गुठळ्यांशी संबंधित गुंतागुंत झाली होती आणि तिच्यात फुप्फुसीय गुठळ्यांचा वाटा सर्वाधिक होता. हे सर्व रुग्ण गुठळी टाळण्यासाठीचे प्रमाणित औषध घेत होते, ही बाब अधिक चिंतेची होती. फ्रान्समधील १५० अत्यवस्थ रुग्णांच्या पाहणीत सुमारे १७ टक्के जणांच्या फुप्फुसात गुठळी आढळली.

हॅम्बुर्ग येथील शवविच्छेदनांनी या चिंतेत भर घातली. तपासलेल्या पहिल्या १२ मृतांपैकी सात जणांच्या पायांच्या खोल शिरांत गुठळ्या होत्या आणि मृत्यूपूर्वी त्यांची शंकाही कोणाला आली नव्हती. चार जणांच्या मृत्यूचे थेट कारण फुप्फुसीय गुठळी हे होते. संसर्गाच्या भीतीने अनेक ठिकाणी शवविच्छेदने टाळली जात असताना हॅम्बुर्गच्या प्रशासनाने ती करण्याचा घेतलेला निर्णय वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला.

निदानातील अडचणी

धाप लागणे, छातीत दुखणे, नाडी जलद होणे आणि रक्तातील प्राणवायू कमी होणे ही फुप्फुसीय गुठळीची लक्षणे आहेत. कोविड न्यूमोनियाचीही हीच लक्षणे असल्याने एकाच्या आड दुसरा आजार सहज लपत असे. एरवी उपयोगी पडणारी डी-डायमर ही रक्तचाचणीही येथे अपुरी ठरली. गुठळी विरघळताना निर्माण होणारे प्रथिनाचे तुकडे ही चाचणी मोजते. त्यांची पातळी सामान्य असल्यास गुठळीची शक्यता कमी मानता येते, हा तिचा खरा उपयोग आहे. कोविडच्या बहुतेक गंभीर रुग्णांत केवळ दाहामुळेही ही पातळी वाढलेली असे. त्यामुळे वाढलेल्या आकड्यावरून आजाराच्या तीव्रतेचा अंदाज येई. गुठळी आहे की नाही, हे त्यातून सिद्ध होत नसे.

निश्चित निदानासाठी शिरेतून आयोडीनयुक्त रंगद्रव्य देऊन फुप्फुसाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन करावा लागतो. व्हेंटिलेटरवरील संसर्गजन्य रुग्णाला स्कॅन कक्षापर्यंत नेणे धोक्याचे होते आणि मूत्रपिंडे अकार्यक्षम झालेल्यांना रंगद्रव्य देणे अवघड होते. अशा वेळी डॉक्टरांना रुग्णशय्येजवळच पायांच्या शिरांची सोनोग्राफी आणि हृदयाची इकोकार्डिओग्राफी करून, उजव्या कप्प्यावरील ताणाच्या खुणा पाहून निर्णय घ्यावा लागे.

महाराष्ट्रात या संदर्भात एक गैरसमज व्यापक प्रमाणात पसरला. साथीच्या काळात छातीच्या एचआरसीटी तपासणीचा स्कोअर हा घरोघरच्या बोलण्यातील शब्द झाला होता; मागणी इतकी वाढली, की सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने यंत्राच्या क्षमतेनुसार या तपासणीचा कमाल दर २,००० ते ३,००० रुपये असा निश्चित केला. २५ पैकी किती, एवढ्यावरून नातेवाईक रुग्णाच्या प्रकृतीचा निवाडा करीत. परंतु ही तपासणी रंगद्रव्याविना केली जाते. तीत न्यूमोनियाने व्यापलेला फुप्फुसाचा भाग दिसतो, धमनीतील गुठळी दिसत नाही. स्कोअर कमी असूनही प्राणवायूची पातळी अनपेक्षितपणे घसरत असल्यास गुठळीचा विचार करणे आवश्यक होते, आणि कमी स्कोअरमुळे मिळालेला दिलासा अशा रुग्णाच्या बाबतीत घातक ठरण्याचा संभव होता.

मात्रेचा वाद

हेपॅरिनचा शोध १९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून लागला. ग्रीक भाषेतील यकृतवाचक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. फुप्फुसीय गुठळीवरील त्याची उपयुक्तता १९६० मध्ये ब्रिस्टल येथील एका चाचणीने दाखवली. त्या चाचणीत केवळ ३५ रुग्ण होते. औषध न मिळालेल्यांपैकी पाच जण गुठळीने दगावले, औषध मिळालेल्यांपैकी एकही नाही. इतक्या स्पष्ट फरकानंतर, गुठळी झालेल्या रुग्णाला हे औषध नाकारून चाचणी करणे नैतिकदृष्ट्या अशक्य झाले.

हेपॅरिन आणि त्याच्या वर्गातील औषधांना बोलीभाषेत रक्त पातळ करणारी औषधे म्हणतात. हा शब्दप्रयोग काहीसा दिशाभूल करणारा आहे. ही औषधे रक्ताचा दाटपणा बदलत नाहीत. गोठण प्रक्रियेतील विशिष्ट टप्पे रोखून नवी गुठळी होऊ देत नाहीत आणि असलेली वाढू देत नाहीत. जुनी गुठळी शरीर स्वतःच हळूहळू विरघळवते. या औषधांची मात्रा दोन प्रकारची असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला गुठळी होऊ नये म्हणून प्रतिबंधक मात्रा देतात. उदाहरणार्थ, एनॉक्सापॅरिनचे ४० मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन दररोज. गुठळी झालेल्याला उपचारात्मक मात्रा देतात, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे एक मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. साठ किलो वजनाच्या माणसासाठी ही मात्रा प्रतिबंधक मात्रेच्या तिप्पट होते आणि तिच्याबरोबर मेंदूत, जठरात किंवा अन्यत्र रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढतो.

प्रतिबंधक मात्रा चालू असतानाही गुठळ्या होत असल्याचे दिसल्यावर अनेक रुग्णालयांनी, गुठळीचे निदान झालेले नसतानाही, मात्रा वाढवण्यास सुरुवात केली. हा विचार तर्काला धरून होता. वुहानमधील ४४९ गंभीर रुग्णांच्या विश्लेषणातून त्याला काहीसा आधारही मिळाला. हेपॅरिन घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांच्या एकूण मृत्युदरात फरक नव्हता. पण डी-डायमर कमाल सामान्य पातळीच्या सहापटींहून अधिक असलेल्यांमध्ये मृत्युदर हेपॅरिन घेणाऱ्यांत ३२.८ टक्के, तर न घेणाऱ्यांत ५२.४ टक्के होता. मात्र हा अभ्यास मागे वळून पाहणारा होता आणि त्यातील बहुतेकांना मिळालेली मात्रा प्रतिबंधकच होती. त्याचा आधार घेऊन उपचारात्मक मात्रा देणे ही पुराव्यापलीकडची झेप होती. दुसऱ्या बाजूला, समोर रुग्ण दगावत असताना चाचण्यांच्या निकालाची वाट पाहणे किती डॉक्टरांना शक्य होते, हाही प्रश्न रास्तच होता.

रुग्णांची गटवारी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे करणाऱ्या, म्हणजे यादृच्छिक, चाचण्यांचे निकाल २०२१ मध्ये येऊ लागले. इराणमधील इन्स्पिरेशन चाचणीत अतिदक्षता विभागातील ५६२ रुग्णांवर मध्यम मात्रेची तुलना प्रतिबंधक मात्रेशी झाली. गुठळी, मृत्यू आदी अनिष्ट घटनांचे एकत्रित प्रमाण अनुक्रमे ४५.७ आणि ४४.१ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले.

निर्णायक ठरल्या त्या अ‍ॅटॅक, अ‍ॅक्टिव्ह-४ए आणि रिमॅप-कॅप या तीन चाचण्या. त्यांनी आपले आराखडे जुळवून घेऊन रुग्णांची माहिती एकत्र केली आणि अत्यवस्थ व मध्यम आजारी अशा दोन गटांचे स्वतंत्र विश्लेषण केले. अत्यवस्थ गटातील भरती डिसेंबर २०२० मध्येच थांबवण्यात आली, कारण लाभाची शक्यता उरली नव्हती. या गटातील सुमारे १,१०० रुग्णांपैकी उपचारात्मक मात्रा मिळालेले ६२.७ टक्के रुग्ण बरे होऊन घरी गेले. नेहमीची प्रतिबंधक मात्रा मिळालेल्यांत हे प्रमाण ६४.५ टक्के होते. मोठा रक्तस्राव वाढीव मात्रेच्या गटात ३.८ टक्के, तर दुसऱ्या गटात २.३ टक्के रुग्णांना झाला. मोठ्या गुठळ्यांचे प्रमाण वाढीव मात्रेने कमी झाले होते, तरीही अधिक जीव वाचले नाहीत.

मध्यम आजारी गटातील २,२१९ रुग्णांचे चित्र उलट होते. उपचारात्मक मात्रेमुळे व्हेंटिलेटर किंवा तत्सम आधाराविना घरी जाणाऱ्यांचे प्रमाण चार टक्क्यांनी वाढले. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण ०.९ वरून १.९ टक्के झाले. दर १०० रुग्णांमागे चार जणांना लाभ आणि एकाला हानी, असा हा हिशेब होता.

एकच औषध एका टप्प्यावर तारक आणि पुढच्या टप्प्यावर निरुपयोगी का ठरते, याचे सर्वमान्य स्पष्टीकरण मिळालेले नाही. हेपॅरिन गोठण रोखण्याबरोबरच दाहही काही अंशी कमी करते. सूक्ष्म गुठळ्यांची साखळी सुरू होण्यापूर्वी ते दिल्यास उपयोग होतो आणि फुप्फुसाची हानी पूर्ण झाल्यावर होत नाही, हे त्यांतले अधिक पटणारे स्पष्टीकरण होय. ब्राझीलमधील अ‍ॅक्शन चाचणीने आणखी एक मुद्दा पुढे आणला. तेथील ६१५ रुग्णांना मुख्यतः रिव्हरॉक्साबॅन ही गोळी उपचारात्मक मात्रेत दिल्याने लाभ झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. गोठण रोखणारे कोणतेही औषध हेपॅरिनची जागा घेऊ शकते, हे गृहीतक त्यामुळे टिकले नाही. या निकालांनंतरही वाद पूर्णपणे मिटला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रीडम चाचणीत सुमारे ३,४०० मध्यम आजारी रुग्णांत मुख्य एकत्रित निष्कर्षाच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही, पण ३० दिवसांतील मृत्यू ७ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर आले.

गुठळी सिद्ध झाल्यावरचे उपचार

वरील वाद गुठळी झालेली नसताना द्यावयाच्या मात्रेचा होता. गुठळीचे निदान झालेल्या रुग्णाला उपचारात्मक मात्राच द्यायची, आणि औषध किमान तीन महिने चालू ठेवायचे, याविषयी दुमत नव्हते. साथीमुळे औषधाच्या निवडीत मात्र फरक पडला. साध्या हेपॅरिनसाठी रक्ताचे नमुने वारंवार तपासावे लागतात, म्हणजे परिचारिकांना संरक्षक पोशाख घालून पुन्हा पुन्हा रुग्णाजवळ जावे लागते. त्यामुळे अशी तपासणी बहुधा न लागणाऱ्या, कमी रेणुभाराच्या हेपॅरिनला प्राधान्य मिळाले. मूत्रपिंडे निकामी असल्यास पुन्हा साध्या हेपॅरिनकडेच वळावे लागे. तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांबाबत सावधगिरी आवश्यक होती, कारण रिटोनाव्हिरयुक्त विषाणुरोधक औषधांबरोबर घेतल्यास रक्तातील त्यांची पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते.

रक्तदाब कोसळलेल्या रुग्णात गुठळी तत्काळ विरघळवणारी अल्टेप्लेजसारखी औषधे जीव वाचवू शकतात. पण निदान निश्चित नसताना, केवळ प्राणवायू घसरतो म्हणून ती देणे मेंदूतील रक्तस्रावाला निमंत्रण ठरू शकते.

भारतातील स्थिती

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०२० मधील उपचार-नियमावलीत मध्यम आजारी रुग्णांना प्रतिबंधक मात्रेत हेपॅरिन देण्याची शिफारस होती. एप्रिल २०२१ मधील सुधारित सूचनांनीही दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात मध्यम रुग्णांसाठी हीच मात्रा कायम ठेवली. रुग्णालयात खाटा आणि प्राणवायू मिळवण्याची धडपड चालू असताना प्रत्येक रुग्णाच्या रक्तस्रावावर बारकाईने लक्ष ठेवणे शक्य नव्हते. अशा परिस्थितीत ही मर्यादित शिफारस व्यवहार्यही होती.

पुरवठ्याचा प्रश्न वेगळाच होता. हेपॅरिन प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवले जात नाही. ते प्रामुख्याने डुकरांच्या आतड्यांपासून काढले जाते आणि त्याच्या कच्च्या मालाचा मोठा भाग चीनमधून येतो. २०१८ पासून चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हरने डुकरांची संख्या घटल्याने किमती आधीच चढल्या होत्या. कोविडमुळे मागणी वाढली तेव्हा राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०२० च्या मध्यावर हेपॅरिन इंजेक्शनच्या कमाल किमतीत ५० टक्के वाढीस परवानगी दिली. जीवनावश्यक औषधाची किंमत साथीच्या काळात वाढू देणे वरकरणी अन्यायाचे दिसते. परंतु उत्पादन परवडेनासे होऊन औषध बाजारातून नाहीसे होण्याचा पर्याय त्याहून वाईट होता.

घरी परतल्यानंतरचा काळ

रुग्ण घरी गेल्यावर धोका लगेच संपत नाही. स्वीडनमधील दहा लाखांहून अधिक बाधितांच्या २०२२ मधील अभ्यासात फुप्फुसीय गुठळीचा वाढीव धोका संसर्गानंतर सहा महिन्यांपर्यंत टिकून असल्याचे आढळले. ब्राझीलमधील मिशेल चाचणीत गुठळीचा अधिक धोका असलेल्या ३२० रुग्णांपैकी निम्म्यांना घरी पाठवल्यावर ३५ दिवस रिव्हरॉक्साबॅन प्रतिबंधक मात्रेत देण्यात आले. गुठळ्या आणि तत्संबंधी मृत्यूंचे प्रमाण ९.४ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर आले. मात्र हा निष्कर्ष निवडक रुग्णांपुरताच आहे. रुग्णालयात दाखल होण्याची गरजच न पडलेल्या सौम्य रुग्णांवरील एक अमेरिकी चाचणी वेळेआधी बंद करावी लागली, कारण त्यांच्यात गुठळ्यांचे प्रमाणच अत्यल्प होते. घरी बरे झालेल्या अनेकांनी खबरदारी म्हणून महिनोन्‌महिने अ‍ॅस्पिरिन घेतली, त्याला ठोस आधार नव्हता. रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे १५,००० रुग्णांवरील ब्रिटिश रिकव्हरी चाचणीतही अ‍ॅस्पिरिनने मृत्युदर कमी झाला नाही. दोन्ही गटांत तो १७ टक्के होता.

लसीशी संबंधित गुठळ्या

मार्च २०२१ पासून युरोपात अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीच्या लसीनंतर क्वचित आढळणाऱ्या एका गुठळीविकाराची नोंद होऊ लागली. त्यात बिंबाणूंची, म्हणजे प्लेटलेट्सची, संख्या घटते आणि तरीही गुठळ्या होतात, बहुधा मेंदूच्या शिरांमध्ये. बिंबाणूंतील एका प्रथिनाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे हे त्याचे कारण आहे. हेपॅरिनच्या दुर्मीळ दुष्परिणामाशी या विकाराचे साम्य असल्याने त्यात हेपॅरिन टाळून अन्य गोठणरोधक आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देण्यात आले. भारतात हीच लस कोविशील्ड या नावाने दिली गेली. लसीकरणोत्तर घटनांची छाननी करणाऱ्या राष्ट्रीय समितीने मे २०२१ मध्ये ४९८ गंभीर घटना तपासून त्यांपैकी २६ संभाव्य गुठळीविकाराच्या असल्याचे नोंदवले. हे प्रमाण दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ होते. यामुळे त्या काळात छातीदुखी किंवा तीव्र डोकेदुखी घेऊन आलेल्या रुग्णाला हेपॅरिन देण्यापूर्वी लस कधी घेतली हे विचारणे आणि बिंबाणूंची संख्या पाहणे आवश्यक झाले.